मोबाइलमधून चुकून डिलीट झालेले व्हिडिओ: काय परत मिळते, काय मिळत नाही

बिडकीनच्या एका तरुणाचा फोन आला तेव्हा त्याच्या आजीच्या पुण्यानुमोदन कार्यक्रमाला चार दिवस उरले होते. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठ गेटवरून घरी आल्यावर त्याने आजीला बोलते केले होते. १९७८ च्या पावसाळ्यात, २७ जुलैला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केल्यानंतर मराठवाड्यात वस्त्यांवर हल्ले झाले. त्या रात्री लेकरांना घेऊन आपण कुठे लपलो हे आजीने त्याला सांगितले होते. तीन क्लिप झाल्या. फेब्रुवारीत फोन ‘स्टोरेज फुल’ दाखवू लागला. त्याने मोठ्या फाइल निवडून काढल्या, वर ट्रॅशही रिकामा केला. मार्चमध्ये आजी गेली. कार्यक्रमात दाखवायला तो क्लिप शोधू लागला, तर फोनमध्ये एकही नव्हती.

“दादा, कोणतं अ‍ॅप टाकू?” हा त्याचा पहिला प्रश्न. आम्ही म्हणालो, कोणतेच टाकू नको, आधी फोन शांत ठेव. तसे का म्हणालो आणि पुढे काय केले, ते इथे सविस्तर मांडत आहोत. जयंतीची मिरवणूक, वर्षावासातले प्रवचन, धम्म परिषद, मोर्चा, पोलीस ठाण्यासमोरचे आंदोलन, आपल्या चळवळीची नोंद आता बहुतांशी मोबाइलमध्येच होते. आणि एक क्लिप गेली की ती कशी शोधायची, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असते.

पहिल्या पाच मिनिटांत काय करू नये

मोबाइलमधली फाइल डिलीट केली की ती त्या क्षणी खरडून पुसली जात नाही. तिची नोंद निघते आणि जागा ‘रिकामी’ म्हणून जाहीर होते. त्या जागेवर नवे काही लिहिले गेले की जुने गेले. म्हणून पहिला नियम असा की त्या फोनवर नवे शूटिंग नको, अपडेट नको, रिकव्हरीचे अ‍ॅप उतरवणे तर अजिबात नको, कारण ते अ‍ॅप स्वतःच त्या रिकाम्या जागेवर बसू शकते.

पण आजच्या फोनमध्ये अडचण याहून मोठी आहे. फोनची आतली मेमरी रिकामी झालेली जागा थोड्याच वेळात स्वतःहून साफ करून टाकते, त्यामुळे तिचा वेग टिकतो. शिवाय अँड्रॉइड १० आणि त्यानंतरच्या आवृत्तीसह बाजारात आलेल्या फोनमध्ये सगळा मजकूर कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेला असतो. फाइल गेली की तिची किल्लीही जाते. म्हणून ‘आतल्या मेमरीतून डिलीट झालेला व्हिडिओ १०० टक्के परत’ अशी जाहिरात करणारी अ‍ॅप्स बहुतेक वेळा लहानसे धूसर थंबनेल दाखवतात आणि पूर्ण व्हिडिओसाठी पैसे मागतात. पैसे भरल्यावरही थंबनेलच हाती येते. फोन फॅक्टरी रिसेट केला असेल तर विषय संपला, ती किल्लीच नष्ट झालेली असते.

मग काहीच उपाय नाही का? आहे, आणि तो बहुतेक वेळा फोनच्या मेमरीच्या बाहेर असतो. तुमच्या क्लिपची दुसरी प्रत कुठे कुठे गेली होती, हे आठवणे म्हणजे अर्धी रिकव्हरी. आम्ही बिडकीनच्या मित्राला कागद घ्यायला लावला. कोणत्या क्लिपचे रेकॉर्डिंग कुठे साठले, कोणाला पाठवली, स्टेटसला ठेवली का, कोणत्या फोनवर पाहिली, हे सगळे लिहून काढले. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट झाले. पहिली चार मिनिटांची क्लिप घरच्या ग्रुपवर गेली होती. दुसरी काही दिवस मेमरी कार्डवर होती, तिथून काढलेली. तिसरी, सर्वांत मोठी, फक्त फोनच्या आतल्या मेमरीत होती.

ट्रॅश, म्हणजे कचऱ्याची पेटी

सर्वांत आधी हेच तपासावे आणि एकच ट्रॅश पाहून थांबू नये. एका फोनमध्ये दोन-तीन ट्रॅश असतात. गूगल फोटोजचा वेगळा, कंपनीच्या गॅलरीचा वेगळा, फाइल्स अ‍ॅपचा वेगळा. सॅमसंगच्या गॅलरीत डिलीट केलेला व्हिडिओ ३० दिवस राहतो. गूगलच्या फाइल्स अ‍ॅपचा ट्रॅशही ३० दिवसांचा. गूगल फोटोजमध्ये ज्या व्हिडिओचा बॅकअप झाला होता तो ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. आयफोनमध्ये फोटोज अ‍ॅपच्या ‘रिसेंटली डिलीटेड’ अल्बममध्ये ३० दिवस. मुदत सरली किंवा आपणच ट्रॅश रिकामा केला तर तिथून परत येण्याची वाट बंद.

इथे एक गैरसमज फार आढळतो. ‘गूगल फोटोजमधून काढले तरी फोनमध्ये राहीलच’ असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. बॅकअप चालू असलेल्या फोनवर गूगल फोटोजमधून डिलीट केले की ते फोनमधून, गूगलच्या खात्यातून आणि त्याच खात्याने उघडलेल्या दुसऱ्या फोनवरूनही जाते. फोनमधली जागा मोकळी करायची आणि ऑनलाइन प्रत ठेवायची असेल तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे.

दुसरा गैरसमज असा की बॅकअप चालू आहे म्हणजे सगळे सुरक्षित. गूगल फोटोज मुळात फक्त कॅमेऱ्याच्या फोल्डरचा बॅकअप घेतो. व्हॉट्सअ‍ॅप, इन्स्टाग्राम, डाउनलोड यांची फोल्डर्स सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावी लागतात. शिवाय १ जून २०२१ पासून फोटो-व्हिडिओ १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात, त्यात जीमेलही आले. ती जागा भरली की बॅकअप थांबतो. वर एक सूचना येते, जी आपण वाचत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप

आपल्या कार्यकर्त्यांचे निम्मे व्हिडिओ इथेच असतात, म्हणून इथे जरा थांबू.

‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायचे होते आणि चुकून ‘डिलीट फॉर मी’ झाले, तर खाली पाच सेकंद ‘अनडू’ दिसते. ही सोय डिसेंबर २०२२ पासून आहे. पाच सेकंद गेले की पुढचा रस्ता धरावा लागतो.

चॅटमध्ये क्लिप दिसते पण गॅलरीतून गेली आहे, असे असेल तर चॅटमधल्या त्या धूसर चित्रावर बोट ठेवून पाहा. फाइल सर्व्हरवर अजून शिल्लक असेल तर पुन्हा उतरते. नसेल तर पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असा संदेश येतो.

अँड्रॉइडमध्ये फाइल मॅनेजर उघडून ‘अँड्रॉइड’, मग ‘मीडिया’, मग ‘कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप’, त्यात ‘व्हॉट्सअ‍ॅप’, पुन्हा ‘मीडिया’ आणि ‘व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ’ अशा क्रमाने आत जा. तिथे ‘सेंट’ नावाचे एक फोल्डर असते. आपण कोणाला पाठवलेल्या व्हिडिओची लहान केलेली प्रत त्यात पडलेली असते. कॅमेऱ्यातला मूळ व्हिडिओ काढला तरी ही प्रत वाचलेली असू शकते. लोक हे फोल्डर बघतच नाहीत. फाइल मॅनेजरमध्ये ‘लपलेल्या फाइल्स दाखवा’ चालू केले तर त्याच ठिकाणी स्टेटसचेही एक फोल्डर दिसते. ताजे पाहिलेले स्टेटस काही काळ त्यात असतात. आपला व्हिडिओ स्टेटसला होता आणि २४ तास उलटून गेले, तरी मित्राच्या फोनमध्ये तो अजून असेल, विचारायला हरकत नाही.

बॅकअपमधून परत आणणे हा उपाय सगळ्यांच्या तोंडी असतो, पण त्याच्या अटी कोणी सांगत नाही. व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकले की बॅकअपमधला मजकूर परत येतो, मात्र व्हिडिओ डिलीट होण्याआधीचा बॅकअप हवा. बॅकअप रोजचा असेल तर रात्री नवा होतो आणि जुन्याची जागा घेतो. म्हणून चूक लक्षात आली त्याच संध्याकाळी सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप थांबवा. ‘इन्क्लूड व्हिडिओज’ हा पर्याय चालू नसेल तर बॅकअपमध्ये व्हिडिओ नसतातच. फोनमध्ये राहणाऱ्या स्थानिक बॅकअपमध्ये फक्त संदेश असतात. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो किंवा ६४ अंकी किल्ली लागते, ती हरवली तर व्हॉट्सअ‍ॅपही उघडून देऊ शकत नाही. आणि बॅकअपनंतर आलेले संदेश या खटाटोपात जातात, हे धरूनच चालावे.

या सगळ्याआधी साधा उपाय म्हणजे ज्यांना पाठवले होते त्यांना विचारणे. संकोच करू नका. आपल्या बिडकीनच्या मित्राची पहिली क्लिप अशीच मिळाली. ग्रुपमधल्या सगळ्यांनी ‘साफसफाई’ केली होती. पुण्याच्या आत्याने मात्र केली नव्हती. तिच्या फोनमध्ये तीन वर्षांचे ‘शुभ सकाळ’ही जसेच्या तसे होते. आत्या तिकडून म्हणाली, “तुम्ही हसता ना मला, आता घ्या.” ग्रुपवर पाठवताना लहान झालेली प्रत, चेहरा किंचित अस्पष्ट, पण आवाज स्वच्छ.

ज्यांचे व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपवर किंवा ऑफिसच्या संगणकावर उघडलेले असते त्यांनी तिथले डाउनलोड फोल्डरही पाहावे.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब

फेसबुकवर पोस्ट काढताना ती ‘ट्रॅश’मध्ये गेली असेल तर ३० दिवस परत आणता येते. प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांतून ‘अ‍ॅक्टिव्हिटी लॉग’मध्ये जावे, तिथे ट्रॅश आणि अर्काइव्ह दोन्ही दिसतात. पेजची पोस्ट असेल तर पेजच्या खात्यात जाऊन हेच करायचे. आपल्या वैयक्तिक खात्यात शोधत बसू नका.

फेसबुक लाइव्हबाबत मात्र प्रत्येक मंडळाने सावध व्हावे. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकवरचे नवे लाइव्ह फक्त ३० दिवस राहते, मग आपोआप काढले जाते. त्याआधीची जुनी लाइव्ह उतरवून घ्यायला मेटाने ९० दिवसांची मुदत दिली होती. म्हणजे कोणीही चूक केली नाही तरी विद्यापीठ गेटवरचे १४ जानेवारीचे लाइव्ह फेब्रुवारीच्या मध्यात आपोआप जाते. भिक्खू संघाचे प्रवचन, शाहिरांचा जलसा, जयंतीतले भाषण लाइव्ह करून ‘पेजवर आहेच’ म्हणत निर्धास्त राहिलेल्या मंडळांनी आजच पेज उघडून पाहावे. तिसाव्या दिवसाआधी व्हिडिओ डाउनलोड करता येतो किंवा त्याचे रील करून ठेवता येते. हे काम एका माणसावर नाव घालून सोपवा. ‘कोणीतरी करेल’ म्हटले की ते कोणी करत नाही.

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या मेनूतून ‘युवर अ‍ॅक्टिव्हिटी’ आणि तिथून ‘रिसेंटली डिलीटेड’ उघडा. पोस्ट, रील, व्हिडिओ ३० दिवस राहतात. अर्काइव्हमध्ये नसलेली स्टोरी मात्र २४ तासच. अ‍ॅपमध्ये अर्धवट ठेवलेले ड्राफ्ट हे त्या फोनपुरतेच असतात, इन्स्टाग्राम अनइन्स्टॉल केले की गेले. रात्री दोन वाजेपर्यंत जागून केलेले जयंतीचे रील ‘अ‍ॅप हँग होतंय’ म्हणून अ‍ॅप काढल्यावर गेल्याच्या गोष्टी आमच्याकडे दरवर्षी एप्रिलमध्ये येतात. आधी फोनमध्ये सेव्ह करा, मग काय ते करा.

यूट्यूबचा नियम कडक आहे. चॅनेलवरून व्हिडिओ डिलीट केला की तो कायमचा गेला, तिथे ट्रॅश नाही. एखादा व्हिडिओ दिसू नये असे वाटले तर डिलीट न करता ‘प्रायव्हेट’ करा. यूट्यूब स्टुडिओतून आपला व्हिडिओ उतरवता येतो, पण त्याचा दर्जा मूळपेक्षा कमी असू शकतो. मूळ हवा असेल तर गूगल टेकआउटने मागवावा. सलग १२ तासांपेक्षा लांब चाललेले लाइव्ह यूट्यूब आपोआप साठवत नाही. दिवसभराची परिषद असेल तर जेवणाच्या सुट्टीत लाइव्ह बंद करून नवे सुरू करणे बरे.

पूर्ण खातेच डिलीट केले असेल तर फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हींना ३० दिवसांच्या आत पुन्हा लॉगिन करून ते थांबवता येते.

एक प्रकार असाही आहे ज्यात डिलीट आपण करत नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. खेड्यापाड्यातल्या, वस्त्यांतल्या हजारो मुलामुलींनी तिथे गाणी, नाच, भीमजयंतीचे क्षण टाकले होते. ज्यांनी फोनमध्ये प्रत ठेवली नव्हती त्यांचे तिथे केलेले सगळे हातातून गेले. अ‍ॅप आपल्या मालकीचे नसते, ही गोष्ट तेव्हा अनेकांना कळली.

कंपनीने काढले असेल तर

आपण डिलीट केले नाही आणि तरीही व्हिडिओ गायब आहे, असे झाल्यास रिकव्हरी शोधू नका, नोटीस शोधा. मिरवणुकीत मागे वाजणाऱ्या गाण्यावर कोणाचा तरी हक्क निघतो आणि आवाज बंद होतो. किंवा विरोधकांनी ठरवून रिपोर्ट मारले की भाषणाचा व्हिडिओ उडतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर ‘अकाउंट स्टेटस’मध्ये कारण दिसते आणि तिथूनच अपील करता येते.

अपील फेटाळले तर आपल्या देशात आणखी एक पायरी आहे, ती फार कमी लोक वापरतात. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मोठ्या कंपनीला भारतात तक्रार अधिकारी ठेवावा लागतो. त्याने २४ तासांत तक्रारीची पोच आणि साधारण ७ दिवसांत निकाल द्यायचा असतो. समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येते. अर्ज मोफत आहे. व्हिडिओची लिंक, तारीख, कंपनीच्या उत्तराचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, त्याशिवाय अर्ज लंगडा पडतो.

मेमरी कार्ड असेल तर आशा जास्त

इथे चित्र वेगळे आहे. फोनमध्ये साधेपणाने वापरलेले मेमरी कार्ड सहसा कुलूपबंद नसते आणि फोनच्या आतल्या मेमरीसारखे स्वतःला साफ करत बसत नाही. डिलीट झालेला व्हिडिओ त्यावर महिनोन्महिने तसाच पडून राहू शकतो, फक्त त्या जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसले पाहिजे.

पद्धत अशी. फोन बंद करून कार्ड काढा. कार्ड रीडरने संगणकाला जोडा. संगणकाने ‘फॉरमॅट करू का’ विचारले तर नाही म्हणा. फोटोरेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे, टेस्टडिस्क नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत येते. दिसायला काळा पडदा आणि पांढरी अक्षरे, त्यामुळे लोक घाबरतात, पण बाणाच्या बटणांनी काम होते. विंडोजवर रेकुवा हे आणखी सोपे आहे. सापडलेल्या फाइली त्याच कार्डवर कधीही साठवू नका, संगणकाच्या डिस्कवर साठवा. कार्डवर साठवल्या तर जे शोधतोय त्याच्यावरच आपण लिहीत असतो.

फोटोरेक फाइलीचे जुने नाव परत देत नाही. आकड्यांची नावे असलेल्या शेकडो फाइली येतात. आकारानुसार लावा, मोठ्या वर येतील, मग एकेक उघडून पाहा. व्हिडिओ सापडला पण चालत नाही, असेही होते. मोबाइलच्या व्हिडिओत कोणता तुकडा कुठे आहे याची अनुक्रमणिका बहुधा फाइलीच्या शेवटी असते, ती तुटली की प्लेअर गोंधळतो. अशा वेळी अनट्रंक नावाचे सॉफ्टवेअर त्याच फोनवर त्याच सेटिंगने केलेला दुसरा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून घेऊन तुटलेला जोडायचा प्रयत्न करते. म्हणजे जुना फोन विकण्याची घाई करू नये.

बिडकीनच्या मित्राचे कार्ड ३२ जीबीचे होते. कॅमेऱ्याचे सेटिंग ‘फोन मेमरी’वर असल्याने कार्डवर नंतर फारसे काही गेले नव्हते, हे नशीब. एका मित्राच्या लॅपटॉपवर रात्री लावले, पहाटे दुसरी क्लिप निघाली. पूर्ण चालली.

फोन फुटला किंवा पाण्यात पडला, ही वेगळी गोष्ट आहे. तिथे काही डिलीट झालेले नसते. पडदा फुटला पण फोन चालू असेल तर ओटीजीला साधा माउस जोडून लॉक उघडता येतो, पडद्याचा निदान काही भाग दिसत असला पाहिजे. पडदा बदलणे महाग वाटले तरी आतल्या व्हिडिओच्या मोलाशी तुलना करा. भिजलेला फोन चार्जिंगला लावू नका.

दुकान आणि ‘हेल्पलाइन’

फोन दुकानात द्यावा लागला तर समोर बसून काम करून घ्या. लॉकचा नंबर चिठ्ठीवर लिहून फोन दोन दिवस सोडून येऊ नका, विशेषतः आपल्या घरातल्या मुलींचा फोन. आमच्याच एका सहकाऱ्याचा फोन एका दुकानदाराने ‘रिकव्हरीसाठी’ म्हणून रिसेट करून दिला. उरलेली आशाही त्या दिवशी संपली.

इंटरनेटवर ‘व्हॉट्सअ‍ॅप रिकव्हरी हेल्पलाइन’ असे नंबर दिसतात. व्हॉट्सअ‍ॅपचा कोणीही माणूस तुम्हाला फोनवर व्हिडिओ काढून देत नाही. ‘हे अ‍ॅप टाका, मी तुमचा पडदा बघतो’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा, कारण पडदा दिसला की ओटीपीही दिसतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

व्हिडिओ पुरावा असेल तेव्हा

अत्याचाराच्या प्रकरणात, मारहाणीत, बहिष्काराच्या घटनेत काढलेला व्हिडिओ ही घरगुती आठवण नसते. तो गेला आणि परत मिळवला, एवढ्याने भागत नाही. तो न्यायालयात टिकला पाहिजे.

यातला सर्वांत मोठा निकाल आपल्या शेजारच्या जालन्यातून गेलेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज वेळेत भरला गेला की नाही, असा वाद झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रीकरण हा त्यातला कळीचा पुरावा होता, पण त्याच्या सीडीसोबत कायद्याने लागणारे प्रमाणपत्र मिळाले नव्हते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल या प्रकरणात ठरवून दिले की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर करून सिद्ध केले तर मात्र त्याची गरज नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ६५ ब ऐवजी आता कलम ६३ आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. फाइलीचे हॅश मूल्य, म्हणजे तिचा डिजिटल अंगठा, त्यात लिहावे लागते. फाइलीत एका बिंदूचा बदल झाला तरी हा अंगठा बदलतो.

याचा कार्यकर्त्यांसाठी सरळ अर्थ असा. ज्या फोनवर शूटिंग झाले तो फोन विकू नका, रिसेट करू नका. क्लिप कापू नका, तिच्यावर संगीत किंवा नाव टाकू नका. तसे करायचे असेल तर वेगळ्या प्रतीवर करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून व्हिडिओ म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि मूळ फाइल राहत नाही. पाठवायचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. पुराव्याचा व्हिडिओ डिलीट झाला असेल तर वर सांगितलेले प्रयोग स्वतः करू नका. फोन बंद करा, वकिलाला सांगा आणि तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन फोन न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवायची मागणी करा. अर्जाची पोच घ्या. फोन जप्त होत असेल तर पंचनाम्यात मॉडेल आणि आयएमईआय नंबर आहे का, हे पाहा.

व्हिडिओ सोशल मीडियावर टाकलेला होता आणि तिथून गेला, तर पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कंपनीकडून माहिती मागवू शकतात. कंपनीकडे ती कायम राहत नाही, म्हणून अर्ज त्याच आठवड्यात द्या. रस्त्यावरच्या दुकानाचा सीसीटीव्हीही काही दिवसांत स्वतःवरच पुन्हा लिहितो, त्याची मागणी तर त्याच दिवशी करावी. पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात १८ महिन्यांचे चित्रण ठेवायला सांगितले आहे, ते शक्य नसेल तिथेही एक वर्षापेक्षा कमी नाही. ‘फुटेज उडाले’ असे उत्तर मिळाल्यास या निकालाचा उल्लेख करून लेखी मागा. आणि अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५ अ मध्ये या कायद्याखालच्या गुन्ह्यांच्या कार्यवाहीचे व्हिडिओ चित्रीकरण करण्याची तरतूद आहे. ती मागणे हा पीडिताचा हक्क आहे, उपकार नाही.

पुढच्या वेळेसाठी

फार काही लागत नाही. कार्यक्रम संपला की त्याच रात्री मूळ फाइल दोन ठिकाणी उतरवा, त्यातले एक ठिकाण दुसऱ्या माणसाच्या घरी असावे. मंडळाच्या नावाने एक हार्डडिस्क घेतली तरी तीच एक प्रत म्हणून धरू नका, डिस्कही मरते. सार्वजनिक करायला हरकत नसलेले व्हिडिओ इंटरनेट अर्काइव्हवर मोफत ठेवता येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावरही सायबर हल्ला होऊन ते काही दिवस बंद होते, तेव्हा तेही एकमेव ठिकाण नको. फाइलीला नाव देताना तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव लिहा. बोलणाऱ्याची परवानगी व्हिडिओच्या सुरुवातीलाच घ्या.

आजीची तिसरी क्लिप मिळाली नाही. गूगल फोटोजचा बॅकअप जागा भरल्यामुळे डिसेंबरपासूनच थांबलेला होता, ट्रॅश रिकामा होता, फोनच्या आतल्या मेमरीतून काही निघण्यासारखे नव्हते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी दोन क्लिप दाखवल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी आत्या आणि तो मुलगा वही घेऊन बसले. शूटिंगच्या वेळी आत्या आजीच्या शेजारीच होती, त्यामुळे तिला बरेच आठवत होते. कोणत्या शिवारात लपलो, भाकरी कोणी आणून दिली, परत आल्यावर घराचे काय उरले होते, हे सांगेल तसे त्याने लिहून घेतले आणि खाली तारीख टाकून दोघांनी सह्या केल्या. एके ठिकाणी आत्या आणि आजीच्या सांगण्यात फरक पडत होता. तो त्याने खोडला नाही, दोन्ही लिहून ठेवले.